कोयनेची वीज आणि उंचीचे गणित

(विशेष प्रतिनिधी)

शाळेत शिकलेली स्थितिज ऊर्जा बहुतेकांच्या लक्षात राहते ती परीक्षेतल्या सूत्रापुरती. हे सूत्र प्रत्यक्षात किती मोलाचे आहे, ते पाहायचे असेल तर सह्याद्रीतील कोयना जलविद्युत प्रकल्पाकडे पाहावे.

वस्तू वर उचलताना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध जे कार्य करावे लागते, ते वाया जात नाही. ते ऊर्जेच्या रूपाने साठून राहते. हीच गुरुत्वीय स्थितिज ऊर्जा होय. वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची यांच्या गुणाकाराने ती मोजली जाते. कोयनेचे पाणी वर नेण्याचे कार्य सूर्य करतो. समुद्राच्या पाण्याची वाफ होते, ढग बनतात आणि पाऊस घाटमाथ्यावर पडतो.

शिवसागर जलाशयातील पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सुमारे ४७५ मीटर खाली उतरते. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाण्याचे वस्तुमान १,००० किलो. त्याला ९.८ आणि ४७५ ने गुणल्यास सुमारे ४६ लाख ५५ हजार ज्यूल ऊर्जा मिळते. विजेचे एक युनिट ३६ लाख ज्यूलचे असते. म्हणजेच गच्चीवरील हजार लिटरच्या टाकीएवढे पाणी तेथे जेमतेम सव्वा युनिट वीज देऊ शकते. घर्षणामुळे आणि यंत्रांतील घटीमुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी.

तेच पाणी केवळ ६० मीटर खाली सोडले, तर ऊर्जा ०.१६ युनिटवर येते. पाणी तेच, फरक केवळ उंचीचा!

ही उंची कोठून मोजायची, हे आपण ठरवतो. पोफळीची पातळी शून्य मानली, तर तेथे पोहोचलेल्या पाण्याची ऊर्जा संपली असे वाटेल. परंतु समुद्रसपाटीच्या हिशेबाने ती शिल्लक असते. म्हणूनच हे पाणी कोळकेवाडी धरणात अडवून ३२० मेगावॅटच्या तिसऱ्या टप्प्यात पुन्हा वापरले जाते.

पश्चिमेला वळवलेले पाणी अखेर वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळते. पूर्वेकडील शेतीला ते मिळत नाही. त्यामुळेच कृष्णा पाणीवाटप लवादाने या वळवणुकीवर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. एका टीएमसीमागे तत्त्वतः साडेतीन कोटींहून अधिक युनिट वीज दडलेली असते. वीज की सिंचन, या वादाच्या मुळाशी शाळेतले हेच सूत्र आहे.