आधी फटीपाशी हात धरा

तापून मधेच बंद पडणाऱ्या लॅपटॉपवर बहुतेकदा दोनच औषधं सुचवली जातात : फॉरमॅट मारा, नाहीतर कूलिंग पॅड घ्या. दोन्ही ठिकाणी बंद पडण्यालाच आजार मानलेलं असतं. खरं तर तो बचाव आहे. प्रोसेसरच्या आतच तापमान मोजणारे सेन्सर असतात. बऱ्याच चिपांमध्ये तापमान १०० अंश सेल्सियसच्या आसपास गेलं की चिप आधी स्वतःचा वेग उतरवते. तेवढ्यानंही भागलं नाही, तर जळण्याआधी मशीन बंद होतं. तेव्हा शोधायचं ते एवढंच, की उष्णता वाटेत कुठे अडते आहे.

ही वाट अरुंद आहे. प्रोसेसर ४५ वॅट खात असेल, तर ती जुन्या पिवळ्या बल्बाइतकी धग. पण ती जेमतेम दीड चौरस सेंटिमीटर सिलिकॉनमधून निघते, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ३० वॅट. हजार वॅटच्या इस्त्रीच्या तळाला हे प्रमाण पाच-सहा वॅट भरतं! चिपवरच्या थर्मल पेस्टमधून ही धग तांब्याच्या हीट पाइपमध्ये, तिथून पातळ पत्र्यांच्या जाळीत जाते आणि पंख्याच्या वाऱ्याबरोबर बाहेर पडते. पेस्ट वाळली की मधे हवा शिरते, आणि तांब्याच्या मानानं हवा उष्णतेची सुमारे पंधरा हजार पट वाईट वाहक आहे. धूळ मात्र पंखा आणि जाळी यांच्या मधल्या बेचक्यात साठते आणि तिचा नमद्यासारखा थर बनतो. बाहेरून पाती स्वच्छ दिसतात, म्हणून 'साफ केलाय' म्हणणाराही फसतो. यासाठीच मशीनवर ताण असताना वारा बाहेर पडतो त्या फटीपाशी हात धरावा. पंखा घोंघावतोय पण वारा क्षीण आहे, तर जाळी तुंबली आहे. वारा जोरदार पण कोमट, आणि चिप मात्र नव्वदीत, तर पेस्टवर संशय घ्यावा. वारा जोरदार आणि चांगलाच गरम असेल, तर वाट मोकळी आहे. कामच जास्त पडतंय.

'उन्हाळ्यातच होतं, म्हणजे दोष हवेचा,' हा आक्षेप अर्धा खरा आहे. खोली २५ अंशांची असेल तर शंभरावरच्या चिपला ७५ अंशांचा उतार मिळतो. विदर्भातल्या ४५ अंशांत तो ५५ वर येतो, म्हणजे पाऊण वाटाही धड राहत नाही. पण वाट मोकळी असलेलं मशीन अशा वेळी बहुधा नुसतं मंदावतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : प्रत्येक बंद पडणं उष्णतेचं नसतं. तापमानाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर चालू ठेवा. मशीन साठ अंशांवरच बंद पडत असेल, तर रॅम, चार्जर, एसएसडी तपासा आणि पेस्टवर पैसे घालवू नका.

साफ करताना मशीन बंद करून बॅटरीची जोडणी काढा, आणि हवा मारताना पंख्याची पाती काडीनं अडवून धरा. बॅटरी फुगलेली दिसली, तर ते मशीन चालूच करू नका.