टर्बो निकामी झाला. इंजिन बदलावे काय?

डिझेलची मोटार घाट चढत असता एकाएकी तिचा दम सरावा, मागे निळसर धुराचा लोट उठावा आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने हात पुसत सांगावे, "टर्बो गेला, साहेब, आता इंजिनच बदलून टाका," असा प्रसंग आपल्या देशातील अनेक कुटुंबांवर येतो. मोटार सात-आठ वर्षांची झालेली असते, कर्जाचे हप्ते नुकतेच फिटलेले असतात आणि सांगितलेला खर्च कधी कधी मोटारीच्या विक्रीच्या किमतीजवळ जाऊन पोहोचतो. नेहमीचा विमा येथे उपयोगी पडत नाही. अपघाताविना झालेला यांत्रिक बिघाड त्यात धरला जात नाही. म्हणून होकार देण्यापूर्वी आपण एक प्रश्न अवश्य विचारावा : टर्बो गेला तो कशाने?

या प्रश्नाचे महत्त्व कळावयास टर्बोची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एरवी वाया जावयाचा. त्याच्या जोरावर एक लहानसे चक्र फिरवावे आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकावरील चक्राकडून बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरावी, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. तिचे पेटंट १९०५ सालचे. हवा अधिक मिळाली की इंधनही अधिक जाळता येते आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करू लागते. आपल्याकडे ही सोय अनेक घरांत पोहोचली ती फियाटच्या १२४८ घन सेंटिमीटरच्या मल्टिजेट इंजिनामुळे. मारुती स्विफ्ट, टाटा इंडिका व्हिस्टा, फियाट पुंतो अशा निरनिराळ्या घराण्यांच्या गाड्यांत हे एकच इंजिन बसल्याने लोक त्यास थट्टेने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणू लागले. एप्रिल २०२० पासून मारुतीने डिझेल मोटारी बंद केल्या. तथापि जुन्या गाड्या अद्याप रस्त्यावर आहेत.

टर्बोचा तो बोटाएवढा दांडा मिनिटास दीड-दोन लाख फेरे घेतो. इतक्या वेगात धातूला धातू लागला तर क्षणात सारे संपावयाचे. म्हणून तो तेलाच्या अतिशय पातळ थरावर तरंगत ठेवलेला असतो. हे तेल इंजिनाचेच. ते वेळेवर न बदलल्याने दाट झाले, त्याची बारीक नळी काजळीने बुजली किंवा तेलाचा पंप मंदावला, तर पहिला बळी टर्बोचा पडतो. म्हणजे बहुधा टर्बो हा रोगी नसून रोगाची बातमी देणारा असतो. कारण न शोधता नवा टर्बो बसविला, तर तोही थोड्याच दिवसांत जुन्याच्या वाटेने जातो.

कित्येकदा तर टर्बो गेलेलाच नसतो. हवेची रबरी नळी फाटली, निर्वात नळीस भेग पडली, तरी मोटार अशीच मरगळते. नळी काढून दांडा बोटांनी हलवून पाहावा : आडवा किंचित हलणे साहजिक आहे, पुढे-मागे जाणवण्याइतका हलू लागला किंवा चक्राची पाती कडेस घासलेली दिसली, तर मात्र टर्बो खरोखर संपला.

इंजिनाचा निकाल मात्र निराळ्या कसोट्यांनी करावा. प्रत्येक सिलिंडराचा दाब मोजून आकडे एकमेकांशी जुळतात काय ते पाहावे. तेलाचा दाब मोजावा. तेलाचा फिल्टर कापून त्यात धातूची चकाकती भुकटी आहे काय ते तपासावे. या तिन्ही परीक्षांत इंजिन उतरले, तर ते बदलण्याचे काही कारण नाही. नवा किंवा कारखान्यातून पुन्हा बांधून आलेला टर्बो, तेलाची नवी नळी, आतून धुतलेले तेलपात्र आणि स्वच्छ केलेला इंटरकूलर एवढ्याने काम भागते. इंटरकूलर विसरू नये, कारण फुटलेल्या टर्बोचे तेल आणि कधी कधी पात्यांचे तुकडे तेथेच साठून राहतात.

एक धोका मात्र जिवाशी खेळणारा आहे. टर्बोची सील फुटून तेल हवेच्या मार्गाने सिलिंडरात गेले, तर डिझेल इंजिन तेच तेल जाळून बेफाम धावू लागते. किल्ली फिरवून ते थांबत नाही. मोटार हातगिअरची असेल, तर ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडावा, म्हणजे इंजिन गुदमरून थांबते. तेही साधले नाही, तर सर्वांना उतरवून दूर न्यावे. इंजिनाजवळ जाऊन डोकावू नये. अशा रीतीने धावलेले इंजिन मात्र खरोखरच बदलण्याच्या योग्यतेचे झालेले असू शकते.

बदलण्याची वेळ आलीच, तर त्याच जातीचे इंजिन घ्यावे. "पंचाहत्तर अश्वशक्तीच्या जागी नव्वदाचे बसवू," असा मोह पुष्कळ जण घालतात. मल्टिजेटचे हे दोन्ही प्रकार बाहेरून भावंडांसारखे दिसतात खरे. पण नव्वदाचा टर्बो फिरत्या पात्यांचा, आणि त्याचा नियंत्रक संगणकही त्यास अनुरूप असाच लागतो. क्लचला वाढीव ताण सोसावा लागतो, तो निराळाच. घरच्या मोटारीस ही हौस परवडणारी नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शिवाय कायदाही आड येतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणी-पुस्तकातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच गोष्ट पुन्हा बजावली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीबाहेरच्या प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे. त्याच जातीचे इंजिन बसविण्यास आधी परिवहन कार्यालयाची मान्यता घ्यावी, नवा क्रमांक नोंदणी-पुस्तकात चढवून घ्यावा आणि विमा कंपनीस कळवावे.

जुने इंजिन दिल्लीच्या मायापुरीत, मुंबईच्या कुर्ल्यात, कोलकात्याच्या मल्लिक बाजारात किंवा चेन्नईच्या पुदुपेट्टैत स्वस्तात मिळेल. पण पावती आणि मूळ गाडीचे कागद मिळाल्यावाचून ते घेऊ नये. चोरीच्या गाड्यांचे भाग विकले जातात म्हणून मेरठचा सोतीगंज बाजार २०२१ साली पोलिसांनी बंद पाडला, हे ध्यानात असावे. दिल्ली व तिच्या परिसरातील वाचकांनी तर आधी मोटारीचे वय पाहावे. दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांविषयीचे आदेश तेथे २०१५ पासून अनेकदा बदलले आहेत, आणि उद्या रस्त्यावर न येऊ शकणाऱ्या मोटारीत नवे इंजिन घालण्यात अर्थ नाही.

नवा टर्बो बसल्यावर प्रथम त्यात हाताने तेल घालून मगच इंजिन सुरू करावयास सांगावे आणि काही मिनिटे ते संथ चालू द्यावे. पुढेही लांबच्या प्रवासानंतर किल्ली काढण्यापूर्वी मिनिटभर इंजिन मंद ठेवावे. तप्त दांड्यास तेवढ्यात थंडावा मिळतो. पहिल्या हजार किलोमीटरनंतर तेल व फिल्टर पुन्हा बदलावे आणि जुने तेल डब्यात पडत असता त्यात काही चकाकते काय, हे स्वतः उभे राहून पाहावे.