साहेबांना चूक दाखवली आणि बदली झाली. सरकारी वकिलाची ही केस थेट सुप्रीम कोर्टात गेली

फेब्रुवारी २००० ची गोष्ट. अमेरिकेत लॉस एंजलिस काउंटीतल्या पोमोनाच्या कार्यालयात रिचर्ड सेबायोस नावाचे सरकारी वकील काम करत होते. १९८९ पासून नोकरीत. स्वतःच्या केसेस होत्याच, शिवाय इतर वकिलांच्या कामावर देखरेखही होती.

एके दिवशी त्यांना समोरच्या बाजूच्या, म्हणजे आरोपीच्या वकिलाने गाठलं. म्हणणं एवढंच होतं की, झडतीचं वॉरंट मिळवायला पोलिसांनी जे प्रतिज्ञापत्र दिलंय त्यात घोळ आहे, तुम्ही जरा बघा.

सेबायोस उठून थेट त्या जागेवर गेले. प्रतिज्ञापत्रात ज्याला लांबलचक ड्राइव्हवे म्हटलं होतं तो त्यांना वेगळा रस्ताच वाटला. पार्ट काढून घेतलेल्या एका ट्रकपासून टायरच्या खुणा झडतीच्या जागेपर्यंत जातात, असंही पोलिसांनी लिहिलं होतं. पण रस्ता काही ठिकाणी असा होता की तिथे टायरची खूण उमटणंच अवघड. सेबायोस यांनी प्रतिज्ञापत्र देणाऱ्या पोलिसाला फोन केला. समाधानकारक उत्तर मिळालं नाही.

मग त्यांनी शिस्तीत जे करायचं तेच केलं. वरिष्ठांना सांगितलं, लेखी मेमो दिला आणि खटला मागे घ्यावा अशी शिफारस केली.

त्यावर मीटिंग झाली, पोलीसही आले. वातावरण तापलं आणि एका पोलीस अधिकाऱ्याने सेबायोसनाच धारेवर धरलं. शेवटी वरिष्ठांनी खटला पुढे चालवायचं ठरवलं. पुढे वॉरंटला कोर्टात आव्हान दिलं गेलं तेव्हा आरोपीच्या बाजूने साक्षीला कोण आलं? खुद्द सेबायोस. त्यांनी जागेवर जे पाहिलं ते सांगितलं. कोर्टाने मात्र ते आव्हान फेटाळलं.

सेबायोस यांच्या म्हणण्यानुसार त्यानंतर त्यांची जबाबदारीची जागा गेली, बदली दुसऱ्या कोर्टात झाली आणि बढती नाकारली गेली. कार्यालयाचं म्हणणं असं की यात सूडबुद्धी वगैरे काही नाही, मनुष्यबळाची गरज होती म्हणून बदल केले. सरकारी कार्यालयात काम केलेल्या कुणालाही ही दोन्ही वाक्यं ओळखीची वाटतील.

सेबायोस कोर्टात गेले. त्या वेळी तिथले मुख्य सरकारी वकील होते गिल गार्सेटी, म्हणून या केसचं नाव पडलं गार्सेटी विरुद्ध सेबायोस. नाव ओळखीचं वाटत असेल तर बरोबर आहे, २०२३ मध्ये अमेरिकेचे राजदूत म्हणून भारतात आलेले एरिक गार्सेटी हे या गिल यांचेच चिरंजीव.

आता तुम्ही म्हणाल, सरकारी वकिलाने आरोपीच्या फायद्याचं कशाला बोलावं? त्याचं काम तर शिक्षा मिळवून देणं.

तर नाही. १९६३ च्या ब्रेडी विरुद्ध मेरीलँड या निकालाने अमेरिकेत नियम घालून दिलाय. आरोपीच्या बाजूने जाणारा महत्त्वाचा पुरावा सरकारी पक्षाकडे असेल तर तो आरोपीला द्यावाच लागतो. त्या केसमध्ये जॉन ब्रेडीला फाशीची शिक्षा झाली होती. गुन्ह्यात सामील होतो, पण जीव माझ्या साथीदाराने घेतला, असं तो सांगत होता. साथीदाराने तशी कबुली दिलेलीही होती. पण नेमका तोच जबाब सरकारी वकिलांनी बचाव पक्षाला दाखवला नव्हता.

म्हणजे आपल्या हातातलं आरोपीच्या बाजूचं उघड करणं हे सेबायोस यांचं कामच होतं. आणि घोळ झाला तो याच 'काम' शब्दावर.

३० मे २००६ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, ५ विरुद्ध ४. न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी लिहिलं त्याचा अर्थ असा : सरकारी कर्मचारी नोकरीचं कर्तव्य म्हणून जे बोलतो तेव्हा तो नागरिक म्हणून बोलत नसतो. त्यामुळे त्या बोलण्याला राज्यघटनेतल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याचं कवच मिळत नाही. मेमो लिहिणं ही सेबायोस यांची ड्युटी होती, म्हणून केस संपली.

कोर्टाच्या बाजूनेही मुद्दा आहेच. ऑफिसातला प्रत्येक मेमो, प्रत्येक वाद घटनेचा प्रश्न झाला तर साहेबाला कामच करता येणार नाही. पण याचा परिणाम काय होतो ते बघा.

१९६४ मध्ये मार्विन पिकरिंग नावाच्या शिक्षकाने शाळेच्या पैशांच्या व्यवहारावर टीका करणारं पत्र पेपरात छापून आणलं. त्याला नोकरीवरून काढलं, आणि १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. थोडक्यात, पेपरात पत्र लिहा, संरक्षणाची शक्यता आहे. साहेबांना मेमो लिहा, घटनेचं संरक्षण शून्य. २००६ च्या निकालाला विरोध करणाऱ्या न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी यावरच बोट ठेवलं होतं. वरिष्ठांशी मोकळेपणाने बोलण्याआधी चव्हाट्यावर जा, असाच संदेश यातून कर्मचाऱ्यांना जातो, हा त्यांचा मुद्दा होता.

तसं पाहिलं तर सेबायोस यांचं नुकसान एका बदलीपुरतं आणि बढतीपुरतं. सरकारी वकिलांच्या कार्यालयात कुणीच बोललं नाही तर काय होतं, ते न्यू ऑर्लिन्सच्या जॉन थॉम्पसनकडे पाहून कळतं.

थॉम्पसनवर १९८५ मध्ये दोन खटले चालले, आधी सशस्त्र लुटीच्या प्रयत्नाचा आणि मग खुनाचा. पहिल्या प्रकरणात फिर्यादी पक्षाच्या कपड्यावर लुटारूचं रक्त सापडलं होतं. लॅबचा रिपोर्ट सरकारी वकिलांकडे आला, रक्तगट बी. थॉम्पसनचा रक्तगट ओ. हा रिपोर्ट बचाव पक्षाला दिलाच नाही. थॉम्पसन दोषी ठरला, त्या शिक्षेमुळे खुनाच्या खटल्यात तो स्वतः साक्षीला उभाच राहिला नाही, आणि फाशी झाली.

१९९४ मध्ये त्या टीममधल्या एका वकिलाला कॅन्सर झाला. मरण समोर दिसत असताना त्याने एका मित्राजवळ कबूल केलं की, रक्ताचा पुरावा आपण दाबला होता. मित्रही माजी सरकारी वकीलच. तो ५ वर्षं गप्प बसला.

२० मे १९९९ ही फाशीची तारीख ठरली होती. त्याच्या साधारण महिनाभर आधी थॉम्पसनच्या वकिलांनी नेमलेल्या खासगी तपासनीसाला पोलिसांच्या लॅबच्या फायलींमध्ये तो रिपोर्ट सापडला. मग तो मित्रही बोलला. खुनाचा खटला २००३ मध्ये पुन्हा चालला तेव्हा ज्युरीने ३५ मिनिटांत थॉम्पसनला निर्दोष ठरवलं. तोवर १८ वर्षं तुरुंगात गेली होती, त्यातली १४ फाशीच्या कोठडीत.

ज्युरीने त्याला १ कोटी ४० लाख डॉलरची भरपाई दिली. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने तीही रद्द केली, पुन्हा ५ विरुद्ध ४. मुख्य सरकारी वकिलांनी हाताखालच्यांना प्रशिक्षण दिलं नाही, एवढ्या एका प्रकरणावरून कार्यालय जबाबदार धरता येत नाही, असं बहुमताचं म्हणणं. पुरावा दाबणाऱ्या वकिलांवर व्यक्तिशः दावा? तो तर १९७६ च्या निकालापासूनच बंद आहे. खटला चालवताना केलेल्या कामासाठी अमेरिकेत सरकारी वकिलावर भरपाईचा दावा लावता येत नाही.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की हिशेब विचित्र दिसतो. लपवणाऱ्याला दाव्यापासून संरक्षण, आणि दाखवणाऱ्याला घटनेचं संरक्षण नाही.

२०१४ मध्ये थोडी फट पडली. समन्स आल्यावर कोर्टात दिलेली खरी साक्ष, जर ती रोजच्या ड्युटीचा भाग नसेल तर, घटनेने संरक्षित आहे असं त्याच कोर्टाने एकमताने सांगितलं. पण मेमोचा नियम जागेवरच राहिला. सेबायोससारख्यांना आधार उरतो तो वेगवेगळ्या राज्यांच्या आणि केंद्राच्या जागल्या संरक्षण कायद्यांचा.

भारतात असा केंद्रीय कायदा २०१४ मध्येच मंजूर झाला, राष्ट्रपतींची सहीही झाली. दहा वर्षं उलटली तरी तो लागू करणारी अधिसूचना निघाली नव्हती. पुराव्याच्या बाबतीत मात्र आपलं सुप्रीम कोर्ट पुढे सरकलंय. फाशीच्या एका प्रकरणात, मनोज विरुद्ध मध्य प्रदेश सरकार या २०२२ च्या निकालात कोर्टाने सांगितलं की, तपासात गोळा केलेले पण खटल्यात न वापरलेले जबाब, कागदपत्रं आणि वस्तू यांची यादीही आरोपीला मिळायला हवी. यादी हातात असेल तर निदान काय मागायचं ते तरी कळतं. थॉम्पसनच्या वकिलांना तो रिपोर्ट अस्तित्वात आहे हेच १४ वर्षं माहीत नव्हतं.