कासवाची पाठ ओबडधोबड झाली तर?

काशीच्या ब्रह्मा घाटावर मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. देवळाच्या सभामंडपातले दगडी कासव त्यांच्या जितके ओळखीचे, तितकीच गंगेतली जिवंत कासवेही. रामनगर किल्ल्यापासून राजघाटच्या मालवीय पुलापर्यंतचे सुमारे ७ किलोमीटरचे पात्र १९८९ साली कासव अभयारण्य झाले. हा घाट त्यातच येत होता. २०२० मध्ये तो दर्जा काढून घेण्यात आला, तरी नदीतली कासवे कायद्याने संरक्षितच आहेत.

कासव शुभ मानून घरात आणण्याची हौस मात्र सगळीकडेच दिसते. काही महिन्यांनी त्याच्या पाठीवरचा एकेक खवला छोट्या डोंगरासारखा वर येतो आणि घरची मंडळी घाबरतात. हा आजार आहे का?

असे का होते?

हा प्रकार मुख्यतः जमिनीवरच्या कासवांत, तोही वाढीच्या वयात होतो. पूर्वी याचा दोष जास्त प्रथिनांच्या आहाराला दिला जाई. परंतु आफ्रिकेतल्या सुलकाटा जातीच्या पिल्लांवरील, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोरड्या हवेचा परिणाम त्याहून कितीतरी मोठा दिसला. त्यात कॅल्शियमची कमतरता आणि उन्हाचा अभाव यांची भर पडली, तर हाडेही कमकुवत होतात. जुन्या वाड्यांत आणि अरुंद गल्ल्यांत ऊन मुळातच कमी. खिडकीच्या काचेतून आलेले ऊनही उपयोगाचे नाही, कारण आवश्यक किरण काच अडवते.

काळजी केव्हा करावी?

कासव नीट खाते, चालते आणि कवच टणक आहे, तर जुन्या उंचवट्यांनी घाबरू नये. ते परत सपाट होत नाहीत, पण देखभाल सुधारली तर नवी वाढ गुळगुळीत होऊ शकते. मात्र कवच मऊ लागणे, मागचे पाय ओढत चालणे, खाणे सोडणे, डोळे सुजणे, कवचातून रक्त किंवा दुर्गंधी येणे, यांपैकी काहीही दिसले तर पशुवैद्याकडे नेण्यास उशीर करू नये.

पोळी, भात, दूध, बिस्किटे बंद करावीत. गवत, हिरवा पाला, जास्वंदीची फुले द्यावीत, कॅल्शियमसाठी समुद्रफेन ठेवावा. पिल्लांना उथळ कोमट पाण्यात थोडा वेळ बसवावे आणि मोकळे ऊन द्यावे, पण शेजारी सावलीही हवी.

आधी जात ओळखा

पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेल्या आपल्या स्टार कासवाचे उंचवटे बऱ्याचदा जन्मजात असतात. गंगेच्या खोऱ्यातल्या एका जातीची पाठ तर छपरासारखीच असते. यांना औषधाची गरज नाही, आणि घरात ठेवण्याची परवानगीही नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर स्टार कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. विदेशी जातीच्या कासवाचीही कागदपत्रे आणि नोंदणी तपासून घ्यावी.

असे कासव घरात असेल तर वनखात्याला कळवावे. पुण्य म्हणून ते घाटावरून गंगेत सोडू नये. जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही. ते बुडते.