टायगर कोळंबी

टायगर कोळंबी (शास्त्रीय नाव: पेनियस मोनोडॉन) ही निमखाऱ्या पाण्याच्या तळ्यांत पाळली जाणारी, आकाराने मोठी कोळंबी आहे. अंगावरील गडद-फिकट आडव्या पट्ट्यांमुळे तिला हे नाव मिळाले. बंगालीत तिला ‘बागदा’ म्हणतात. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून ऑस्ट्रेलियापर्यंत ती निसर्गतः आढळते. मादी नरापेक्षा मोठी असून ३० सेंटिमीटरहून अधिक वाढू शकते. बाजारात कोळंबी मासळीत गणली जात असली, तरी ती मासा नव्हे. खेकड्याप्रमाणे ती कवचधारी संधिपाद प्राणी आहे.

संवर्धन

मादी समुद्रात अंडी घालते आणि पिल्ले वाढीसाठी खाड्यांत, कांदळवनांत येतात. भरतीबरोबर आलेली ही पिल्ले बांध घालून अडवण्याची पद्धत जुनी आहे. आता बीज उबवणी केंद्रांत तयार होते. बंदिस्त जागेत मात्र मादी सहसा अंडी धरत नाही. अंडाशयाची वाढ रोखणारे संप्रेरक तिच्या नेत्रदांड्यात असते, म्हणून एका बाजूचा नेत्रदांडा छाटण्याची रीत रूढ झाली. ताटातील कोळंबीमागे ही क्रूरता असते, हे खाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. बीज सोडल्यावर साधारण चार-पाच महिन्यांत काढणी होते.

१९९०च्या दशकात आंध्र प्रदेश व तमिळनाडूच्या किनाऱ्यावर अशी तळी झपाट्याने वाढली. शेतजमीन आणि विहिरींचे पाणी खारट होत असल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. ११ डिसेंबर १९९६ रोजी एस. जगन्नाथ खटल्यात न्यायालयाने किनारी नियंत्रण क्षेत्रात, पारंपरिक पद्धत वगळता, अशा तळ्यांना मनाई केली. पुढे २००५ मध्ये संसदेने किनारी जलसंवर्धन प्राधिकरण कायदा करून व्यवसायाला नोंदणीची चौकट दिली.

याच काळात पांढरे ठिपके पाडणाऱ्या विषाणुजन्य रोगाने अनेकांचे भांडवल बुडाले. लागण झालेले तळे काही दिवसांत ओस पडते. समुद्रातून पकडलेल्या मादीबरोबर हा विषाणू उबवणी केंद्रात येऊ शकतो. २००९ पासून अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील व्हॅनामी कोळंबीचे रोगमुक्त बीज भारतात आले आणि टायगर मागे पडली.

आहारात

कच्च्या कोळंबीतील ॲस्टाझँथिन हे रंगद्रव्य प्रथिनाशी बांधलेले असते. उष्णतेने ते मोकळे होते व कोळंबी तांबूस दिसू लागते. पाठीतील काळा दोरा हे तिचे आतडे, म्हणून तो काढून टाकतात. रंग पालटून मांस अपारदर्शक झाले की आच बंद करावी, एरवी ते चिवट होते. कोळंबीतील ट्रोपोमायोसिन या प्रथिनाची काहींना तीव्र ॲलर्जी असते. ते शिजवल्याने नष्ट होत नाही, त्यामुळे अशा व्यक्तींना उकळते कालवणही वर्ज्यच.