पहिलवानाचे हृदय आणि विद्युत्-हृल्लेख

कोल्हापूर ही मल्लांची नगरी होय. येथील तालमींत वर्षानुवर्षे जोर-बैठका काढणाऱ्या तरुणाचा विद्युत्-हृल्लेख, म्हणजेच ई.सी.जी., वैद्यापुढे येतो, तेव्हा एक नाजूक प्रश्न उपस्थित होतो. दीर्घ श्रमाने दंडाप्रमाणे हृदयही पुष्ट होते. आणि हृत्स्नायूच्या अतिवृद्धीचा जो आनुवंशिक विकार आहे, त्यातही ते जाडच आढळते. निरोग्यास रोगी ठरविल्यास त्याची कुस्ती विनाकारण सुटते. रोग्यास निरोगी ठरविल्यास आखाड्यात त्याचा प्राणही जाऊ शकतो.

या विकाराचे आधुनिक वर्णन लंडनच्या डोनाल्ड टीअर यांनी १९५८ साली केले. हृदयाच्या भिंतीची विषम अतिवृद्धी त्यांना तरुण रुग्णांत आढळली, आणि त्यांतील बहुतेकांचा मृत्यू आकस्मिक होता. सुमारे ५०० माणसांत एकास हा विकार असतो. तेव्हा त्यास दुर्मिळ म्हणणे कठीण.

स्नायू जाड तर विद्युत्-दाब अधिक, या न्यायाने सोकोलोव व लायन यांनी १९४९ साली एक माप दिले. व्ही-१ मधील एस तरंगाची खोली आणि व्ही-५ किंवा व्ही-६ मधील आर तरंगाची उंची यांची बेरीज ३५ मिलिमीटर वा अधिक भरल्यास डावी जवनिका वाढली असे समजावे. तालमीत मात्र हे माप फसते. कसलेल्या निरोगी मल्लाची बेरीजही ३५ च्या पुढे जाते, आणि विश्रांतीत त्याची नाडी मिनिटास ६० हून कमी पडते; केवळ एवढ्यावरून रोग ठरविणे अन्यायाचे होय.

उंचीपेक्षा तरंगांचे स्वरूप अधिक बोलके असते. व्ही-५, व्ही-६, एक व ए-व्ही-एल या लीडांत टी तरंग उलटा झाला, एस-टी रेषा खाली गेली किंवा क्यू तरंग खोल अथवा रुंद दिसला, तर व्यायामाचे स्पष्टीकरण पुरत नाही. कारण विकारात स्नायुतंतू केवळ जाड होत नाहीत. त्यांची रचना अस्ताव्यस्त होते, मध्ये तंतुमय ऊतक वाढते, आणि प्रत्येक ठोक्यानंतर स्नायूने विद्युत्-दृष्ट्या पूर्वस्थितीस येण्याचा क्रम बिघडतो. जाडी हृदयाच्या टोकाशी असल्यास टी तरंग विलक्षण खोल उलटतो. हे जपानी वैद्यांनी १९७० नंतरच्या दशकात दाखविले.

तथापि काही थोड्या रुग्णांचा लेख अगदी स्वच्छ येतो. म्हणून संशय असल्यास इकोकार्डिओग्राम करून भिंतीची जाडी मोजावी लागते. १५ मिलिमीटर वा अधिक जाडी, तिचे दुसरे कारण नसल्यास, विकाराकडे बोट दाखविते. १३-१४ मिलिमीटरवर निर्णय अडतो; तेथे काही महिने मेहनत थांबवून पुन्हा मोजतात, कारण व्यायामाची जाडी विश्रांतीने उतरते, विकाराची उतरत नाही. विकार सिद्ध झाल्यास आईवडील, भावंडे व मुले यांचीही तपासणी करावी लागते. बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यात सदोष जनुक उतरण्याचा संभव निम्मा असतो.