क्रशरवर काम आणि त्यात शुगर? खोकला अंगावर काढू नका

खडी क्रशर किंवा दगडखाणीत काम करत असाल तर हे नक्की वाचा. दगड फुटताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण फुफ्फुसात खोल जाऊन बसतात. वर्षानुवर्षे साचले की फुफ्फुस कडक होतं, दम लागतो. हा सिलिकोसिस. तो बरा होत नाही, शिवाय टीबीचा धोका वाढवतो.

मधुमेहातही टीबीचा धोका दोन-तीन पट असतो. म्हणजे धूळ आणि शुगर, दुहेरी संकट. शुगर ताब्यात हवीच.

पण कुणीतरी पाला सुचवतो आणि गोळी बंद होते. मेटफॉर्मिन गोळीचं मूळही युरोपातल्या गॅलेगा या वनस्पतीतच आहे. मात्र त्या वनस्पतीतलं द्रव्य विषारी ठरलं. त्याच्याशी मिळतंजुळतं सुरक्षित औषध प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९५७ मध्ये फ्रान्सचे डॉ. जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहावर वापरलं. गोळीचा डोस मोजलेला असतो, पाल्याच्या रसाचा नाही.

तोंडाला नुसता रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लावा. दगडावर पाणी मारायला सांगा. खोकला दोन आठवडे राहिला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासा, तपासणी मोफत आहे. आणि डॉक्टरांना दोन्ही सांगा: कामही, शुगरही.